आचारी बाल्दोच्या एकसष्ट वह्या

आमच्या समुद्रकाठच्या गावातल्या कप्तानाने निवृत्त झाल्यावर दोन गोष्टी करायच्या, असा रिवाज आहे. घरामागे लिंबाची झाडं लावायची आणि आपल्या प्रवासांचं पुस्तक लिहायचं. लिंबं सगळ्यांकडे धरतात. पुस्तक सगळ्यांना जमतंच असं नाही, तरी लिहितात. वाचनालयातल्या काचेच्या कपाटात अशी त्रेचाळीस पुस्तकं आहेत. दोन इंजिनिअरांची, बाकी सगळी कप्तानांची. माझा नवरा इंजिनिअर होता. त्याने फक्त लिंबं लावली.

आचाऱ्याचं पुस्तक त्या कपाटात नव्हतं. बाल्दो ब्रातिचच्या मनात ते लिहायचं आलं, तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता. एकतीस वर्षं त्याने मालवाहू जहाजांच्या भटारखान्यात काढली. लग्न केलं नाही. माझ्या भिंतीला लागून त्याचं घर, तिथे तो आणि त्याची बहीण लुक्रे राहतात. लुक्रे पोस्टात होती. गावातली सगळी पत्रं तिच्या हातून गेल्यामुळे असेल, पण लिहिणाऱ्या माणसांबद्दल तिला फारसा आदर नाही.

वाचनालय वर्षाला एकच पुस्तक छापतं, आणि तेही सहज नाही. डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या संत व्लाहोच्या सणापर्यंत दर रविवारी, प्रार्थना आटोपली की लोक वाचनालयात जमतात आणि लेखक आपलं हस्तलिखित वाचून दाखवतो. जो कधी जहाजावर गेला आहे त्याने मध्येच हात वर करून "चूक" म्हणायचं. चूक खरी की नाही ते अध्यक्ष ठरवतात. तीन चुका झाल्या की वही परत, आणि पुन्हा वाचायला मधला एक हिवाळा सोडायचा. वाचायचंही लेखकानेच, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. फार पूर्वी एका कप्तानाने मेव्हण्याकडून पुस्तक लिहवून घेतलं होतं आणि त्यालाच वाचायला बसवलं होतं. मेव्हणा जन्मात ओसाकाला गेला नव्हता. त्याने ते नाव तीनदा तीन तऱ्हांनी उच्चारलं. तेव्हापासून हा नियम आहे.

बाल्दो पहिल्यांदा वाचायला बसला तो १२ जानेवारी २००३ रोजी. माझ्या डायरीत आहे: निरभ्र, थंड, बाल्दोने टाय लावला होता.

त्याने वाचायला सुरुवात केली ती अक्षांश, रेखांश, वाऱ्याचा जोर, लाटांची उंची, अशी. सगळी कप्तानांची पुस्तकं तशीच असतात. बाल्दोला वाटलं, प्रवासाचं पुस्तक म्हणजे हेच. पण जिथून जहाज हाकतात त्या ब्रिजवर त्याने एकतीस वर्षांत पाय ठेवला असेल तो कॉफी द्यायला. हे सगळे आकडे त्याने कपाटातल्या पुस्तकांमधून उचलून आपल्या प्रवासांना चिकटवले होते.

वीस मिनिटांत तीन हात वर झाले. अध्यक्ष कप्तान ओर्सात. बाल्दोने सर्वांत जास्त वर्षं त्यांच्याच जहाजांवर काम केलेलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "बाल्दो, तू म्हणतोस तिथे जहाज नेलं ना, तर ते ब्राझीलच्या कॉफीच्या मळ्यात उभं राहील."

सगळे हसले. मीही हसले. तेही डायरीत आहे.

त्यानंतर तो काही महिने वाचनालयाकडे फिरकला नाही. वह्या त्याने चूल पेटवायला म्हणून लुक्रेला दिल्या. लुक्रेने त्या जाळल्या नाहीत. "कागद चांगला आहे," एवढंच म्हणाली, आणि कपाटावर टाकल्या.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्याला जवळच्या दुब्रोवनिक शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. नजरेच्या मधोमध डाग पडायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, घरात वावरायला, रस्ता ओलांडायला अडचण नाही. अक्षरं मात्र दीड वर्षात जातील. म्हणजे पुढची पाळी येईल तो २००५ चा हिवाळा त्याचा शेवटचा. तेव्हा वाचलं तर वाचलं. त्यानंतर नियमाप्रमाणे त्याचं पुस्तक होऊच शकत नव्हतं.

हे मला पुढच्या वर्षी मार्चमध्ये कळलं. मी त्यांच्याकडे यीस्ट मागायला गेले होते. बाल्दो पीठ मळत होता.

"थोडं जास्त दे," मी म्हटलं, "माझा पाव हल्ली फुगतच नाही."

"श्योरा देशा," बाल्दो म्हणाला. देशा माझं नाव, आणि श्योरा म्हणजे बाई. "तुमचं स्वयंपाकघर उत्तरेला आहे. तुमचा पाव न्यूफाउंडलंडच्या थंडीत आहे. त्याला इंजिनाच्या भिंतीशी नेऊन ठेवायला हवं. तोच तांबड्या समुद्रात असता ना, तर अर्ध्या वेळात वर आला असता. तिथे मी पीठ भिजवून पाठ फिरवली, की ते परातीबाहेर. आपण कुठे आलोय ते मला कुणाला विचारावं लागायचं नाही. पीठच सांगायचं."

"हे लिहिलंस का तू?"

"हे कसलं लिहायचं? हा काय प्रवास आहे? हा स्वयंपाक."

लुक्रे भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एकतीस वर्षं जग फिरलास ते कशातून फिरलास? चर्चच्या घंटेतून? भटारखान्यातूनच ना? मग तिथलंच सांग की. ब्रिजवरचं सांगायला गावात माणसं कमी आहेत का?"

बाल्दो पुन्हा पीठ मळायला लागला. यीस्ट मात्र त्याने मला भरपूर दिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने लिहायला सुरुवात केली. टेबलाशी बसून त्याला सुचत नसे. दोन सकाळी नुसता बसला आणि लुक्रेच्या म्हणण्याप्रमाणे पेन चावून संपवलं. तिसऱ्या दिवशी चुलीवर वाल शिजत घातले आणि उभ्यानेच, ओट्यावर वही ठेवून लिहू लागला. वाल शिजेपर्यंत दोन तास. त्या दोन तासांत एक बंदर लिहून झालं.

मग तीच त्याची पद्धत झाली. जेवढं लिहायचं तेवढ्या वेळाचा पदार्थ चुलीवर. छोटा प्रसंग असेल तर बटाटा आणि पालेभाजी, अर्धा तास. मधला असेल तर खारवलेल्या मांसाबरोबर कोबीचा दाट रस्सा, हिरवी मेनेस्त्रा. लांब सफर असेल तर रात्रभर व्हिनेगरमध्ये मुरवलेलं गोमांस, सुके आलुबुखार आणि चार तास मंद आच. पदार्थ उतरला की पेन खाली. मध्ये वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल. "उद्या तिथूनच पुढे," तो म्हणायचा. "जहाजावर कुणी म्हणतं का, आज आचाऱ्याला सुचत नाही, आज जेवण नाही? बत्तीस माणसं बारा वाजता ताट घेऊन उभी असतात."

डोळ्यांमुळे तो जाड स्केचपेनने लिहायचा, एकेक अक्षर अंगठ्याएवढं. पानावर सात ओळी मावायच्या. लुक्रे दर आठवड्याला दुकानातून चित्रकलेच्या वह्या आणायची. दुकानदाराने विचारलं, "नातवंडं आली की काय?"

"हो," लुक्रे म्हणाली, "एक आलंय. चौऱ्याहत्तर वर्षांचं."

दोघांना एवढं अन्न संपणं शक्य नव्हतं, म्हणून ते गल्लीत वाटलं जाऊ लागलं. जूनपर्यंत आम्हाला वासावरून कळायचं, पुस्तक कुठवर आलंय ते. लोक भांडी परत द्यायला यायचे तेव्हा म्हणायचे, "सिंगापूर छान झालं होतं हो, फक्त मीठ जरा जास्त." शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणजे मासे. मासे दहा मिनिटांत तळून होतात, म्हणून शुक्रवारी पुस्तक जेमतेम पानभर पुढे सरके. पण सरके. एप्रिल ते ऑक्टोबर एकही दिवस रिकामा गेला नाही. मी आयुष्यभर रोज डायरी लिहीत आले आहे, पण ताप आला की चार दिवस गाळले आहेत. बाल्दोने ताप असताना कोंबडीचं सूप केलं आणि दीड तास लिहिलं.

नोव्हेंबरात गाडी अडली. सलग तीन दिवस त्या घरातून फक्त अंडी तळल्याचा वास आला. चौथ्या दिवशी मी गेले, तर बहीणभाऊ भांडत होते.

"तूच सांग याला," लुक्रे मला म्हणाली. "ओम्बलाचं वादळ लिहायचं म्हणतोय हा."

ओम्बला हे कप्तान ओर्सात यांचं जहाज. १९७४ च्या फेब्रुवारीत ते अँटवर्पहून हॅलिफॅक्सला निघालं आणि मोठ्या वादळात सापडलं. हे वादळ गावात सगळ्यांना पाठ आहे, कारण कप्तान ओर्सात यांच्या पुस्तकातलं सर्वांत गाजलेलं पान तेच. ओम्बलाने पाच दिवस एकदाही दिशा सोडली नाही, असं त्यात छापलेलं आहे.

"सोडली होती," बाल्दो म्हणाला. "दोन दिवस आम्ही वाऱ्याकडे तोंड करून जागच्या जागी थांबलो होतो."

"मग त्यांचं वाचन झालं तेव्हा का नाही बोललास? मागच्या बाकावर बसला होतास की."

"आपल्या कप्तानाच्या पुस्तकावर हात वर करायचा? मी?"

"आणि आता त्यांच्यासमोर वाचणार! अध्यक्ष तेच आहेत, बाबा. चूक ठरवणार तेच. गाळून टाक ते वादळ. आणखी साठ बंदरं आहेत तुझ्याकडे."

बाल्दोने मला विचारलं, "श्योरा देशा, तुम्ही काय कराल?"

मी खरं तेच सांगितलं, की मला ठाऊक नाही. पुस्तक छापलं जावं असं मला वाटत होतं, आणि ते वादळ घातलं तर ते छापलं जाईल असं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत गोमांसाचा वास आला. चार तास.

डिसेंबरात वाचन सुरू झालं, तेव्हा एकसष्ट वह्या झाल्या होत्या. लुक्रेने त्या हातगाडीवर घालून आणल्या. बाल्दोने या वेळी टाय लावला नव्हता. तो वही समोर न धरता उजवीकडे धरायचा आणि नजरेच्या कडेने वाचायचा. पाहणाऱ्याला वाटावं, हा खिडकीबाहेर बघतोय. सावकाश वाचायचा. पण पहिल्याच रविवारी लोक हसले, आणि आता त्याला हसत नव्हते. कोलंबोत कांद्याऐवजी कसल्यातरी फुलांचे कंद विकत घेऊन त्याने त्यांचा रस्सा केला होता, आणि सगळं जहाज दोन दिवस गोड ढेकर देत होतं, ते ऐकताना जुने खलाशी डोळे पुसत होते. ज्या बायका जन्मात वाचनाला येत नाहीत, त्या तिसऱ्या रविवारपासून खुर्च्या घेऊन यायला लागल्या.

तरी दोन चुका झाल्याच. जेनोवाचा मासळीबाजार त्याने फाटकाच्या उजवीकडे लिहिला, तो डावीकडे आहे. "मी मागच्या दाराने जायचो," बाल्दो म्हणाला. लोक हसले, पण चूक ती चूक. दुसरी मोठी होती. १९६७ च्या शरद ऋतूत सुएझमधून गेलो, असं त्याने लिहिलं. तेव्हा कालवा बंद होता. ते वर्ष ६६ असणार. त्याने मान हलवून कबूल केलं.

३० जानेवारी, शेवटचा रविवार. दोन चुका झालेल्या, आणि वाचायच्या राहिलेल्या तीन वह्या. त्यांतली पहिली ओम्बलाची.

खोलीत मागे भिंतीला टेकून माणसं उभी होती. बाल्दोने वही उजवीकडे धरली आणि वाचलं:

"तीन दिवस वारा उजव्या अंगावर होता आणि जहाज डावीकडे कललेलं होतं. भट्टीतले सगळे पाव एका बाजूला फुगले, तिरक्या टोप्या घातलेल्या शिपायांसारखे. पोरं उंच बाजूच्या तुकड्यासाठी भांडत होती. चौथ्या पहाटे मी भट्टी उघडली, तर बत्तीसच्या बत्तीस पाव सरळ. मी तिथेच खाली बसलो. कप्तानसाहेबांनी जहाजाचं तोंड वाऱ्याकडे वळवलं होतं. आता आपण बुडत नाही, हे मला तेव्हा कळलं. दोन दिवस पाव सरळ आले. नंतर पुन्हा तिरके झाले, आणि मी देवाचे आभार मानले. तिरका पाव म्हणजे आपण पुन्हा वाटेला लागलो."

"थांब," कप्तान ओर्सात म्हणाले.

लुक्रेने माझी बाही धरली. "मेला. आता मेला."

"माझ्या पुस्तकात पान चौऱ्याऐंशीवर लिहिलंय, ओम्बलाने दिशा सोडली नाही. छापलेलं आहे ते."

"माहीत आहे, कप्तानसाहेब. पाठ आहे मला ते पान."

"तू ब्रिजवर होतास?"

"नाही."

"होकायंत्र पाहिलंस?"

"नाही."

"मग एकाचं काहीतरी चुकलंय. माझं तरी किंवा तुझं तरी."

"हो, कप्तानसाहेब."

"कोणाचं?"

बाल्दोने वही खाली केली. त्याला समोरचे कप्तान दिसत नव्हते, डागाच्या जागी असणार. म्हणून त्याने मान थोडी वळवली आणि कडेने त्यांच्याकडे पाहिलं.

"पावाचं चुकलेलं नाही," तो म्हणाला.

मग मागच्या भिंतीपासून खोकल्याचा आवाज आला. सारंग यूरे, डेकवरच्या खलाशांचा मुकादम. ओम्बलावर होते त्यांच्यातला आता कप्तान आणि बाल्दोखेरीज तोच एक राहिला होता.

"मी खाल्लेत ते पाव," यूरे म्हणाला. "सरळ होते."

"अकरा वर्षं झाली कप्तानांच्या पुस्तकाला," कुणीतरी म्हणालं. "आजवर गप्प का होतास रे?"

"मला पावाबद्दल कुणी विचारलं नव्हतं."

कप्तान ओर्सातांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ऐंशीच्या पुढचे, ताठ बसणारे गृहस्थ. जहाजावरही कधी आवाज चढवत नसत, असं माझा नवरा सांगायचा. आता बोलले तेही हळूच.

"आमच्या पुढे नॉर्वेचं एक जहाज होतं. ते सरळ गेलं. मी वळलो. मला लाज वाटली. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, सरळ गेलो. मग मुलाला तेच सांगितलं, मग तुम्हाला. इतकी वर्षं सांगत आलो, की मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. आत्ता त्याने सरळ पाव म्हटल्यावर मला तो पाव आठवला. बाल्दोने वर पाठवला होता, सार्डिनबरोबर. अजून गरम होता."

"लाज कसली, कप्तान!" खिडकीपाशी बसलेला एक म्हातारा खलाशी ओरडला. "बत्तीस माणसं घरी आली ना?"

"आली," कप्तान म्हणाले. मग चिटणिसांकडे वळले. "लिहून घ्या. चूक मान्य. पुस्तक ओर्सात यांचं, पान चौऱ्याऐंशी. बाल्दो ब्रातिच यांच्या नावावर दोनच." आणि ते खुर्चीला धरून उभे राहिले.

आमच्याकडे वाचन संपल्यावर, पुस्तक पसंत पडलं तर, समुद्रावर गेलेली माणसं उभी राहतात. अर्ध्यात कुणी उभं राहिल्याचं मी पाहिलं नाही. कप्तान उभे राहिले म्हणून दुसरे कप्तान उठले, मग इंजिनिअर, मग यूरे आणि मागची सगळी खलाशी मंडळी. शेवटी आम्ही बायकाही उठलो, आमच्यातल्या कुणी बोटीने समोरच्या बेटापलीकडे गेलेलं नसलं तरी. लुक्रे रडत होती आणि मला म्हणत होती, "रडू नकोस."

बाल्दोला उभी राहिलेली माणसं धड दिसत नव्हती. खुर्च्या सरकल्याचे आवाज त्याने ऐकले आणि तो घाबरला.

"अहो, जाता कुठे?" तो म्हणाला. "बसा, बसा. अजून दोन वह्या आहेत!"

दोन्ही वह्या त्याने वाचल्या, शेवटच्या ओळीपर्यंत, एकही अक्षर न गाळता. पुढे चूक निघाली नाही. चिटणिसांनी कौल मागितला तेव्हा खाली राहिलेला हात एकही नव्हता.

पुस्तक मे महिन्यात छापून आलं. तीनशे प्रती काढल्या होत्या, त्या ऑगस्टमधल्या मेरीमातेच्या सणाआधीच संपल्या. एवढं कपाटातल्या एकाही पुस्तकाचं झालेलं नव्हतं, म्हणून वाचनालयाने आणखी तीनशे काढल्या. त्याही आता मिळत नाहीत. स्प्लिटहून एक बाई आली होती, तिचा बाप कधीतरी बाल्दोच्या जहाजावर होता. तिने पुस्तक उघडून कोलंबोच्या पानावर बाल्दोची सही घेतली. बाल्दोने सही अंदाजाने केली, ती अर्धी पानाबाहेर गेली. बाई म्हणाली, अशीच हवी होती.

अक्षरं त्याची त्या वर्षाच्या शेवटी गेली. आता तो सांगतो आणि लुक्रे लिहिते. रोज भांडतात. ती म्हणते तू फार फुगवतोस, तो म्हणतो तू तारेची भाषा लिहितेस. नियमाचं काय, हा प्रश्न वाचनालयाच्या सभेत निघाला. तेव्हा कप्तान ओर्सात म्हणाले, ज्याने एकदा सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताचं वाचून पार केलं, त्याचं पुढचं कुणीही वाचावं. तसं लिहून ठेवलं आहे. दुसरं पुस्तक झालं, तिसरं चालू आहे.

गेल्या वर्षी कप्तानांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. पान चौऱ्याऐंशी त्यांनी पुन्हा लिहिलं आहे. दोन दिवस वाऱ्याकडे तोंड करून थांबलो, असं त्यात सरळ म्हटलं आहे, आणि ही आठवण आचारी बाल्दो ब्रातिच यांनी दुरुस्त करून दिली, हेही. पहिली प्रत कप्तानांनी स्वतः चालत येऊन बाल्दोला दिली. लुक्रेने ते पान ओट्याशी उभं राहून मोठ्याने वाचलं. मी तिथेच होते. बाल्दोने डोळे मिटून, मान कलती करून ऐकलं, आणि कप्तान उत्तराची वाट बघत उभे आहेत हे लक्षात आल्यावर म्हणाला:

"भाषा जरा अळणी आहे, कप्तानसाहेब. पण शिजलंय छान."